पाण्यात गुरुत्वाकर्षण कमी असतं का? आठवीच्या वर्गातलं एक प्रकरण

"सर, पाण्यात गुरुत्वाकर्षण कमी असतंय म्हणूनच पोहरा हलका लागतो ना?"

आठवीतल्या एका मुलीचा हा प्रश्न. प्रश्न कसला, तिने सांगितलंच मला, शेवटचा 'ना' फक्त मान ठेवायला होता. तिच्या घरी आडाचं पाणी आहे, रोज सकाळी शाळेआधी ती पाणी शेंदते, आणि पोहरा पाण्यात बुडलेला असतो तोवर दोरी हाताला जवळजवळ लागतच नाही, काठ पाण्यावर आला की मग खांद्याला ओढ बसते, हे तिला पुस्तकातून कळलेलं नाही, हातातून कळलंय. आणि गुरुत्वाकर्षण म्हणजे खाली ओढणारं बल हे तिने सहावीपासून ऐकलंय. दोन्ही गोष्टी जोडून तिने स्वतःच निष्कर्ष काढला होता. मला हे आधीच सांगायचंय की तिचा विचार चांगला होता. चुकीचा होता, पण चांगला होता, कारण अनुभव होता आणि त्याला लावलेलं कारण होतं.

मी त्या दिवशी काय केलं तर आपण सगळे करतो तेच. "नाही बाळ, गुरुत्वाकर्षण तेवढंच असतं, पाणी वस्तूला वर ढकलतं, त्याला उत्प्लावक बल म्हणतात." फळ्यावर व्याख्या, खाली आर्किमिडीजचं तत्त्व (वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाएवढं पाणी तिला वर ढकलतं), पोरांनी वहीत उतरवून घेतलं, तास संपला. आठवड्याने घटक चाचणी घेतली त्यात व्याख्या विचारली, ती जवळपास सगळ्यांनी बरोबर लिहिली. त्याच पेपरात मी मुद्दाम एक प्रश्न टाकला होता, विहिरीत पडलेला दगड वर काढताना पाण्यात असेपर्यंत हलका का लागतो. त्याची उत्तरं वाचून मी पेपर बाजूला ठेवले. निम्म्याहून जास्त पोरांनी कुठल्या ना कुठल्या शब्दात 'पाण्यात गुरुत्वाकर्षण कमी असते' असं लिहिलेलं, आणि तिघांनी तर असं लिहिलं: 'पाण्यात उत्प्लावक बल असल्यामुळे गुरुत्वाकर्षण कमी होते.'

हे वाक्य माझ्यासाठी या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. पोरांनी नवीन शब्द घेतला आणि जुन्या समजुतीवर चिकटवला. समजूत जागची हललीच नाही, उलट तिला आता पुस्तकी नाव मिळालं. फक्त व्याख्येचा प्रश्न विचारला असता तर मला हे कधी कळलंच नसतं आणि मी पुढच्या धड्याला गेलो असतो.

मग दोन-तीन दिवस मधल्या सुट्टीत खिचडी खाताना पोरांशी नुसत्या गप्पा मारल्या, ही समजूत येते कुठून ते बघायला. एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती ती म्हणजे अंतराळवीरांचे व्हिडिओ. पोरांनी मोबाईलवर बघितलंय की अंतराळवीर मोठ्या तलावात बुडून ट्रेनिंग घेतात. हे खरंच आहे, ह्यूस्टनला नासाचा असा तलाव आहे, साधारण १२ मीटर खोल, त्यात स्पेस सूट घालून स्पेसवॉकचा सराव होतो. पोरांनी सरळ हिशोब लावला, अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं, तिथला सराव पाण्यात करतात, म्हणजे पाण्यात पण नसणार. यातल्या दोन्ही पायऱ्या चुकीच्या. स्पेस स्टेशन जमिनीपासून फक्त ४०० किलोमीटरवर फिरतं आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या साधारण ९० टक्के असतं, ते लोक तरंगताना दिसतात कारण स्टेशन आणि ते स्वतः, दोघं एकत्र पृथ्वीभोवती पडत असतात. आणि तलावातला माणूस उलटा झाला तर सूटच्या आत त्याचं रक्त डोक्याकडेच उतरतं, कारण पाण्याने सूट तोललाय, आतल्या माणसाची पृथ्वीकडची ओढ काढून घेतलेली नाही. पण हे सगळं पोरांना लगेच सांगून उपयोग नव्हता, आधीचं सांगितलेलं कुठे गेलं ते मी पाहिलं होतं.

दुसरी अडचण भाषेची. आपण तेल पाण्यापेक्षा 'हलकं' म्हणतो, कापूस 'हलका' म्हणतो, आणि रिकामी बादली पण 'हलकी'च. पहिल्या दोन ठिकाणी आपल्या मनात घनता आहे, तिसऱ्या ठिकाणी वजन. वर सापेक्ष घनतेसाठी, म्हणजे घनता पाण्याच्या किती पट त्यासाठी, जुना शब्द आहे 'विशिष्ट गुरुत्व', त्यात तर गुरुत्व आलंच! आणि आपण शिकवताना सुद्धा सहज म्हणून जातो की 'पाण्यात वजन कमी होतं'. वजन म्हणजे गुरुत्वीय बल हे पाठ केलेलं पोर 'वजन कमी होतं' याचा अर्थ काय लावणार? जो लावायला पाहिजे तोच लावलाय त्यांनी.

तिसरं म्हणजे क्रम. उत्प्लावक बल आठवीत 'बल व दाब' मध्ये येतं आणि गुरुत्वाकर्षणाचा पूर्ण धडा थेट दहावीत. मधली दोन वर्षं 'गुरुत्वाकर्षण' हा शब्द पोरांकडे असतो पण त्याच्या मागचं काही नसतं, मग तो कुठेही लागतो. इतिहासात बघायला गेलं तर आर्किमिडीज वारला इसवीसनपूर्व २१२ मध्ये आणि न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम छापून आला १६८७ मध्ये, म्हणजे तरंगण्याचा नियम गुरुत्वाकर्षणाच्या नियमाशिवाय जवळपास १९०० वर्षं व्यवस्थित चालला. त्यामुळे मला वाटतं आठवीत उत्प्लावक बल शिकवताना सुरुवात गुरुत्वाकर्षण या शब्दापासून करूच नये, 'कोण किती भार उचलतंय' इथून करावी. पण हे मला नंतर सुचलं.

आता प्रयोग. पहिला प्रयोग नेहमीचा, तानकाटा (स्प्रिंगचा काटा) घ्यायचा, दगड टांगायचा, हवेत वजन बघायचं आणि पाण्यात बुडवून बघायचं. ओढ्यातला काळा दगड घेतला, आपल्याकडचा बेसाल्टच. हवेत ८४० ग्रॅम, पाण्यात ५४०. काटा थोडा थरथरतो, पाच-दहा ग्रॅम इकडे तिकडे होतं, पण तीन वेळा तेच आलं. मी मोठ्या आशेने वर्गाकडे बघितलं तर ती मुलगी म्हणाली, "बघा सर, मी म्हणत होते तेच झालं, कमी झालं गुरुत्वाकर्षण."

आणि तिचं बरोबर होतं! म्हणजे त्या प्रयोगापुरतं बरोबर होतं. काट्याला फक्त एवढंच कळतं की दोरीवरचा ताण कमी झाला. तो खालची ओढ कमी झाल्यामुळे कमी झाला की खालून कोणीतरी हातभार लावल्यामुळे, हे काटा सांगू शकत नाही. माझ्या डोक्यात उत्तर आधीच बसलेलं होतं म्हणून मला त्या प्रयोगात उत्प्लावक बल 'दिसत' होतं, तिच्या डोक्यात दुसरं उत्तर होतं म्हणून तिला ते दिसलं. इतकी वर्षं मी हा प्रयोग करत आलोय आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, याचं मला मनापासून वाईट वाटलं. किती पोरं हा प्रयोग बघून आपली चुकीची समजूत आणखी घट्ट करून गेली असतील.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सरळ सांगितलं की आपल्याकडे दोन म्हणणी आहेत. एक, पाण्यात पृथ्वीची ओढ कमी होते. दोन, ओढ तेवढीच राहते पण पाणी खालून उचलून धरतं. कालच्या प्रयोगाने दोन्ही खरी ठरतात. आता असा प्रयोग शोधायचा की एक खरं असेल तर एक उत्तर येईल आणि दुसरं खरं असेल तर वेगळं. तुम्हीच शोधा.

पहिला मुद्दा आला एका अशा मुलाकडून जो वर्गात कधी तोंड उघडत नाही. पट्टीचा पोहणारा आहे तो, विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेला आणि आता डब्याशिवाय सूर मारणारा. तो म्हणाला, "सर, पाण्यात उताणं पडून श्वास भरून धरला की मी वर राहतो, आणि सोडला की खाली जातो. श्वास सोडल्यावर गुरुत्वाकर्षण वाढतंय व्हय?"

मी तीन वेळा त्याला ते वाक्य परत बोलायला लावलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. विचार करा, पाणी तेच, पोरगा तोच, वजन तेच (आतल्या हवेचं वजन असून असून किती असणार), बदललं फक्त छातीचं आकारमान. छाती फुगली की तो जास्त जागा व्यापतो. जागा बदलली की वर-खाली बदलतं. पृथ्वीच्या ओढीचा आणि फुगलेल्या छातीचा काय संबंध? वर्गात चुळबुळ सुरू झाली. डबा बांधून पोहायला शिकलेल्या सगळ्यांना आपापला डबा आठवला, कारण डब्याला बूच नीट नसेल आणि पाणी आत गेलं तर तोच डबा उपयोगाचा राहत नाही हे त्यांना पक्कं माहिती होतं. आपल्याकडे पूर्वी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड करून लोक नदी ओलांडायचे, त्यातही हेच, भोपळा जागा पुष्कळ घेतो आणि वजनाला काहीच नसतो.

त्यावरून दुसरी एक मुलगी म्हणाली, मग दगडाऐवजी लोखंड टांगून बघूया. किराणा दुकानातलं लोखंडी एक किलोचं माप आणलं. हवेत १००० आणि पाण्यात साधारण ८६०. म्हणजे ८४० च्या दगडाचे ३०० गेले आणि त्याच्याहून जड असलेल्या लोखंडाचे फक्त १४०. पाणी जर ओढ कमी करत असेल तर दोघांची सारख्या प्रमाणात कमी करायला पाहिजे ना? दगडाची एक तृतीयांशापेक्षा जास्त कमी झाली आणि लोखंडाची सातवा हिस्सा. एकाने लगेच वाद घातला की लोखंडाला पृथ्वी जास्त ओढते, चुंबकासारखी. ही पण नेहमी भेटणारी समजूत आहे, गुरुत्वाकर्षण आणि चुंबक एकच समजण्याची. मी त्याला एवढंच विचारलं की किलोभर ज्वारी आणि किलोभर लोखंड तराजूत घातलं तर काय होईल. सारखं, म्हणाला. मग पृथ्वी लोखंडाला जास्त कुठे ओढते? (१९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडून दाखवलं होतं, दोन्ही एकदमच खाली टेकले, तो व्हिडिओ पण मी दाखवला, पोरांनी तो चार वेळा बघितला, पण ते थोडं विषयांतर झालं.)

लोखंडाचं कमी का 'हरवलं' याचं उत्तर पोरांनीच काढलं. दोन्ही वस्तू काठोकाठ भरलेल्या डब्यात सोडल्या आणि सांडलेलं पाणी मोजपात्रात धरलं. दगडाने ३०० मिलीलीटरच्या आसपास सांडलं, मापाने १४० च्या आसपास. एका मुलाचं वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय: "पाण्याला दगड का लोखंड कळत नाही, जागा तेवढी कळते."

तरी ती मुलगी काही मानेना, आणि मला ते आवडलं. तिचं म्हणणं, "सर, जागेवर अवलंबून आहे हे पटलं. पण मग जास्त जागा घेणाऱ्याचं गुरुत्वाकर्षण जास्त कमी होत असेल." बघा, तिने आपलं म्हणणं नवीन माहितीला धरून दुरुस्त केलं, सोडलं नाही. मोठी माणसंही हेच करतात. आता असा पुरावा पाहिजे होता ज्यात ते हरवलेले ३०० ग्रॅम जातात कुठे ते दिसेल.

म्हणून मी घरून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला, ५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅम दाखवणारा. त्यावर प्लास्टिकचा डबा, त्यात दोन लिटर पाणी, एकूण २१५० ग्रॅम. आता त्या पाण्यात दगड सोडायचा, पण तानकाट्याला टांगलेला, तळाला न टेकवता, मधे लोंबकळता. खालचा काटा किती दाखवेल? प्रयोगाआधी प्रत्येकाला वहीत आकडा लिहायला लावला आणि आकड्याच्या पुढे कारण. हे करून घ्याच असं मी सगळ्या शिक्षकांना सांगेन, कारण आकडा लिहिलेला नसला की नंतर प्रत्येकजण म्हणतो मला तेच वाटलं होतं. बहुतेकांनी २१५० च लिहिलं. कारण एकदम पटण्यासारखं, दगड दोरीने धरलाय, डब्याला तो शिवलेला पण नाही, मग डब्यावर भार कुठून येणार? त्या मुलीनेही तेच लिहिलं. दोघांनी २९९० लिहिलं, म्हणजे दगडाचा सगळा भार खाली येणार.

दगड हळूहळू आत सोडला. खालचा आकडा चढायला लागला. २२००, २३००, दगड पूर्ण बुडाला तेव्हा २४५० वर थांबला. वरचा तानकाटा ५४०.

वर्ग गप्प झाला. मग ती मुलगी उठून पुढे आली, दोरी स्वतःच्या हातात घेतली, दगड तळाला टेकलाय का ते वाकून बाजूने बघितलं, वर काढला, परत २१५०, आत सोडला, परत २४५०. असं पाच-सहा वेळा केलं. मी काहीच बोललो नाही. मग तिने फळ्याजवळ जाऊन लिहिलं, ५४० आणि २४५०, बेरीज २९९०. आणि खाली, ८४० आणि २१५०, बेरीज २९९०. दोरी सोडून दगड तळाला टेकवला तर खालचा काटा एकटाच २९९०.

ओढ कमी झाली असती तर दोन काट्यांची बेरीज कमी यायला पाहिजे होती. एक ग्रॅमसुद्धा हरवला नव्हता (तानकाट्याची थरथर सोडून). वरच्या काट्यावरून जे ३०० गेले तेच खालच्या काट्यावर उतरले. पाणी दगडाला ३०० ग्रॅमच्या भाराएवढं वर रेटतं, तेव्हा दगड पाण्याला तेवढाच खाली रेटतो, आणि पाणी डब्याला, डबा काट्याला. न्यूटनचा तिसरा नियम हाच, पण मी त्याचं नाव त्या दिवशी घेतलं नाही. तिने वहीत लिहिलं: 'दगडाचं वजन कमी झालं नाही. ५४० मी धरलं आणि ३०० पाण्याने धरलं.' पाण्याने धरलं! माझ्या व्याख्येपेक्षा हे शंभर पटीने चांगलं आहे.

नंतरचा अर्धा तास मी नुसता बघत होतो. कोणीतरी पाण्यात बोट बुडवलं तर आकडा वाढला. मग मूठ. मग मनगटापर्यंत हात, कोणाचा २२०, कोणाचा २६०, आणि त्यांच्याच लक्षात आलं की हा आकडा म्हणजे आपल्या हाताचं आकारमान आहे मिलीलीटरमध्ये, कारण एक मिलीलीटर पाणी एक ग्रॅम. मग डब्यात अर्धा किलो जाडं मीठ विरघळवलं आणि तोच दगड परत टांगला, वरचा काटा ५४० वरून ४९५ च्या आसपास आला. खारं पाणी जास्त धरतं. ते जड आहे म्हणून जास्त धरतं. दगडाने बाजूला सारलेली जागा तेवढीच, पण त्या जागेतलं पाणी आता ३०० ऐवजी साधारण ३४५ ग्रॅमचं होतं.

पण पाणी वर का रेटतं, हा प्रश्न राहिलाच होता. त्यासाठी मी फळ्यावर एक ठोकळा काढला, दहा-दहा-दहा सेंटीमीटरचा, त्याचं वरचं तोंड पाण्याखाली दहा सेंटीमीटरवर. वरच्या तोंडावर डोक्यावरच्या पाण्याचा भार, एक लिटर म्हणजे एक किलो. खालचं तोंड वीस सेंटीमीटर खोलीवर, तिथे पाणी दोन किलोच्या भाराएवढं दाबतंय, पण ते वरच्या दिशेने. वरून एक, खालून दोन, शिल्लक एक किलो वरच्या बाजूला. आणि ठोकळ्याने सारलेलं पाणी किती? एक लिटर, एक किलो. आर्किमिडीजचं तत्त्व फळ्यावर सुटं झालं. ठोकळा एक मीटर खाली नेला तर? वरून दहा, खालून अकरा, शिल्लक परत एकच. 'खोल गेलं की पाणी जास्त वर ढकलतं' ही जी समजूत असते ती इथे आपोआप निघते.

आता यात एक गंमत आहे जी मला स्वतःला फार आवडते. हा दाब येतो कुठून? पाण्याच्या वजनातून. पाण्याला वजन कशाने? पृथ्वीच्या ओढीने. म्हणजे गुरुत्वाकर्षण नसेल तर दाबातला हा फरक नाही, आणि फरक नाही तर उत्प्लावक बल पण नाही. पोरांचं म्हणणं होतं की उत्प्लावक बल गुरुत्वाकर्षण कमी करतं, खरं तर ते गुरुत्वाकर्षणातूनच जन्माला येतं. हे दाखवायला प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी बाजूने भोक पाडलं, पाणी भरलं, झाकण उघडं. हातात धरली की धार लागते. आमच्या शाळेच्या जिन्यावरून ती बाटली सोडली आणि खालून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. बाटली हातातून सुटली त्या क्षणी धार बंद, जमिनीला टेकेपर्यंत बंद. बाटली आणि पाणी एकत्र पडत असताना पाणी पाण्यावर भार टाकत नाही, दाब नाही, धार नाही. स्पेस स्टेशनमध्ये पाण्यातले हवेचे बुडबुडे वर येत नाहीत ते याचमुळे, वर ढकलायला कोणी नाही. तिथे तलाव असता तर पोहणाऱ्या मुलाचा डबा काहीच कामाचा नसता, हे त्यानेच सांगितलं.

तरी खरी परीक्षा मी ठेवली होती दुधाची. आमच्याकडे निम्म्या घरात जनावरं आहेत, पोरं सकाळी किटली घेऊन दूध संकलन केंद्रावर जातात आणि तिथे लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाची घनता दाखवणारी काचेची नळी, दुधात सोडतात, तिच्यावरच्या आकड्याला सगळे 'डिग्री' म्हणतात. २८ डिग्री म्हणजे दुधाची घनता पाण्याच्या १.०२८ पट. पाणी घातलं की डिग्री उतरते, नळी जास्त बुडते. मी प्रश्न एवढाच विचारला, पाणी घातलेल्या दुधात नळी जास्त का बुडते. यावर त्या मुलीनेच शेजारणीला विचारलं, "आधी मी म्हणत होते तसं असतं तर काय म्हणावं लागलं असतं सांग? दुधात पाणी घातलं की गुरुत्वाकर्षण वाढतंय!" आणि सगळा वर्ग हसला, ती पण. मग तिने नीट सांगितलं, नळीचं वजन तेवढंच, ते धरायला पातळ दुधाची जास्त जागा सारावी लागते, म्हणून ती जास्त खाली जाते. एका मुलाने पुढे विचारलं की साय काढून घेतली तर? साय दुधापेक्षा हलकी, ती काढली की डिग्री वाढते, मग तेवढं पाणी घालून डिग्री परत जागेवर आणता येते, म्हणूनच केंद्रावर नुसत्या डिग्रीवर भागत नाही, फॅट पण बघतात. हे त्याला आधीच माहिती होतं, कारण आता कळलं.

सगळ्यांची समजूत बदलली असं मी म्हणणार नाही. महिन्याने तोच दगडाचा प्रश्न परत दिला तेव्हा दोघा-तिघांनी अजूनही गुरुत्वाकर्षण कमी होतं असंच लिहिलं, त्यातला एक जण डिजिटल काट्याच्या प्रयोगाला गैरहजर होता. त्याला परत वेगळं करून दाखवावं लागेल, नुसतं सांगून नाही.

शेवटी पोहऱ्याकडे यायचं राहिलं होतं, ते तिनेच काढलं. "सर, लोखंडी बादलीचं सगळं लोखंड धरलं तरी ते दीड किलोच्या आत आहे. पाणी त्यातलं किती धरणार? पण बाहेर आल्यावर एकदम दहा-अकरा किलो लागतंय. एवढा फरक कशाने?" फार नेमका प्रश्न, आणि खरं सांगतो, बरीच पुस्तकी उत्तरं हे विहिरीतल्या बादलीचं उदाहरण देतात आणि इथपर्यंत येतच नाहीत. आडावर प्रयोग नको म्हणून शाळेच्या हौदावर केला. भंगारवाल्याकडून हुकाचा डिजिटल काटा मागून आणला. रिकामी बादली हवेत १.४ किलो. पाण्यात बुडवून, भरलेली, काठ पाण्याच्या आत, १.२ च्या जरा वर. मग इंच इंच वर उचलली. बादली अर्धी बाहेर आली तेव्हा सहा किलोच्या पुढे, पूर्ण बाहेर आली तेव्हा ११.४.

ती आकडे वाचत होती आणि बाकीचे लिहून घेत होते. मधेच थांबून म्हणाली, "म्हणजे आतलं दहा लिटर पाणी पाण्यात होतं तोवर त्याला बाहेरच्या पाण्यानं धरलं होतं. सगळंच्या सगळं. पाण्यात पाण्याचं वजन लागतच नाही."

त्यावर पोहणारा मुलगा हौदाच्या कठड्यावर बसून होता, तो म्हणाला, "मग सर, हवेत हवेचं वजन पण लागणार नाही की. फुग्यातली हवा काट्यावर कशी मोजायची?" मी म्हटलं फुगा नको, फुटबॉल आण, त्यात हवा दाबून भरता येते. दुसऱ्या दिवशी शाळेतलाच फुटबॉल घेतला, मऊ असताना ४१२ ग्रॅम. पंपाने टणक होईपर्यंत हवा भरली, आकार जवळपास तोच, परत काट्यावर ठेवला. ४१७.